वाचक विचारतात : माणसाला अंतराळात पाठवायला पैसे का पुरत नाहीत?

या वेळी आलेल्या प्रश्नांतले बरेचसे एकाच विषयावर होते, म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. स्पेस स्टेशन, चंद्रावर परत जाण्याचे प्लॅन, आणि हे सगळं दरवेळी पैशापाशी येऊन का अडकतं. काही प्रश्न थोडे लहान केलेत, एक-दोन एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, नासाला वर्षाला जवळपास २५ अब्ज डॉलर मिळतात असं वाचलं. एवढे पैसे असताना "निधी नाही" ही रड कायम का असते? की हे फक्त अजून पैसे मागायचं निमित्त आहे?

निमित्त नाहीये, पण तुमची शंका रास्त आहे. आकडा मोठाच आहे, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग माणसांच्या उड्डाणांवर जातो. तरी एक तुलना बघा. १९६६ च्या सुमाराला, अपोलोचं काम ऐन भरात असताना, अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले साधारण ४.४ टक्के नासाला मिळायचे. आज अर्धा टक्कासुद्धा मिळत नाही. चंद्रावर जायचं म्हणतात ते मात्र तसंच, उलट या वेळी तिथे राहायचं पण म्हणतायत.

पण माझं मत विचाराल तर पैसा कमी असणं हा दुसरा प्रॉब्लेम आहे. पहिला प्रॉब्लेम म्हणजे पैशाचा भरवसा नसणं. माणूस घेऊन जाणारं यान किंवा स्टेशन बनवायला १०-१५ वर्षं लागतात आणि पैसे मंजूर होतात एकेका वर्षाचे. अमेरिकेत आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक वर्षी तोपर्यंत बजेट पासच झालेलं नसतं, मग तात्पुरती सोय म्हणून मागच्या वर्षीच्या हिशेबाने पैसे सुटत राहतात आणि त्या काळात नवीन काम सहसा सुरू करता येत नाही. आता एखाद्या प्रोग्रामला या वर्षी जास्त पैसे लागणार असतात, कारण डिझाइन संपून प्रत्यक्ष बांधणी सुरू व्हायची असते, आणि नेमके तेव्हाच मागच्या वर्षीइतकेच पैसे मिळतात. काम थांबत नाही, रेंगाळतं. आणि रेंगाळलेलं काम स्वस्तात होत नाही, कारण इंजिनिअरांचे पगार, टेस्ट स्टँड, कारखान्याची देखभाल हे सगळं चालूच राहतं, यान उडो न उडो.

याचं अगदी स्वच्छ उदाहरण सांगते. २०११ च्या जुलैमध्ये स्पेस शटल रिटायर झालं. त्याच्या जागी खासगी कंपन्यांकडून क्रू कॅप्सूल बनवून घ्यायचं ठरलं होतं. २०१२ या आर्थिक वर्षासाठी नासाने त्या कामाला ८५ कोटी डॉलर मागितले, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिले साधारण ४० कोटी. पुढच्या वर्षीही मागणीपेक्षा बरेच कमी. परिणाम काय, तर २०१५ च्या आसपास उडायची अपेक्षा होती ते पहिलं यान, स्पेसएक्स कंपनीचं क्रू ड्रॅगन, माणसं घेऊन उडालं २०२० च्या मे महिन्यात. सगळा उशीर पैशामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पॅराशूटच्या अडचणी होत्या, २०१९ मध्ये एका चाचणीत आख्खी कॅप्सूल फुटली. पण सुरुवातीची वर्षं गेली ती पैशामुळेच. आणि मधली नऊ वर्षं अमेरिकेचे अंतराळवीर रशियाच्या सोयूझमधून जात होते, सीट विकत घेऊन. सीटचा दर वाढत वाढत शेवटी ९ कोटी डॉलरवर गेला. म्हणजे घरचं यान बनवायला जे पैसे "वाचवले" ते दुसऱ्याच्या यानाचं तिकीट काढण्यात गेले. याला बचत म्हणायचं?

दुसरं उदाहरण कॉन्स्टेलेशनचं. २००४ मध्ये बुश सरकारने २०२० पर्यंत चंद्रावर परत जायचं जाहीर केलं. रॉकेट ठरलं, कॅप्सूल ठरली, नावं ठरली, पण वर्षाचे पैसे कधी त्या हिशेबाने आलेच नाहीत. २००९ मध्ये नॉर्मन ऑगस्टीन यांच्या समितीने तपासून सांगितलं की वर्षाला साधारण ३ अब्ज डॉलर जास्त दिल्याशिवाय हे जमणारं नाही. पुढच्या वर्षी ओबामा सरकारने तो प्रोग्रामच बंद करायचं ठरवलं, तोवर ९ अब्जांच्या आसपास खर्च झाला होता. त्यातलं ओरायन यान तेवढं पुढे टिकलं.

प्रश्न : अनेक देश एकत्र आले की खर्च वाटला जातो. मग आंतरराष्ट्रीय स्टेशन स्वस्त पडायला हवं होतं ना? १०० अब्ज डॉलर लागले म्हणतात.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि उत्तर लांब आहे, थोडं सांभाळून घ्या.

स्टेशनची सुरुवात एका देशाचा प्रोजेक्ट म्हणून झाली. १९८४ च्या जानेवारीत रेगन यांनी घोषणा केली, दहा वर्षांत स्टेशन उभं करायचं, अंदाज ८ अब्ज डॉलर. नंतर त्याचं नाव फ्रीडम ठेवलं. युरोप, जपान आणि कॅनडा सोबत आले. मग दरवर्षी खर्च कापायला डिझाइन बदलायचं, डिझाइन बदललं की झालेलं काम वाया जायचं, वाया गेलं की खर्च वाढायचा, वाढला की परत डिझाइन बदलायचं. असं १९९३ पर्यंत चाललं. अब्जावधी डॉलर गेले आणि कक्षेत एक स्क्रूसुद्धा पोचलेला नव्हता.

२३ जून १९९३ ला अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेत स्टेशन बंदच करून टाकायची दुरुस्ती मांडली गेली. ती २१५ विरुद्ध २१६ मतांनी पडली. एका मताने! ते एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज ज्या स्टेशनवर माणसं राहतात ते बहुधा कागदावरच राहिलं असतं. याच काँग्रेसने त्याच वर्षी टेक्सासमधला सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर (अणूंचे कण एकमेकांवर आदळवून बघायचं अवाढव्य यंत्र) बंद केला, २ अब्ज डॉलर खर्च होऊन बोगद्याचा काही भाग खणून झालेला असताना. कोलायडरला परदेशातून मिळेल म्हणून धरलेला पैसा फारसा आलाच नव्हता. स्टेशनला मात्र करार करून बसलेले पार्टनर होते, आणि त्याच वर्षी पुढे रशियाही आला. पुढच्या वर्षी तेच मतदान परत झालं तेव्हा स्टेशनच्या बाजूने भरपूर फरक होता. म्हणजे आंतरराष्ट्रीय असण्याचा पहिला फायदा खर्च कमी होण्याचा नाहीच. फायदा हा की प्रोग्राम मारणं अवघड होतं, कारण मारायचं तर चार परदेशी सरकारांना तोंड द्यावं लागतं.

आता दुसरी बाजू. रशिया आला तो मीर हे स्वतःचं स्टेशन चालवण्याचा अनुभव घेऊन आला, पण त्या काळात त्याच्याकडे पैसेच नव्हते. स्टेशनचं पहिलं मॉड्यूल झार्या रशियात बनलं, पण त्याचे पैसे अमेरिकेने दिले. तिसरं मॉड्यूल झ्वेज्दा, म्हणजे जिथे क्रू राहणार, झोपणार, जिथून सुरुवातीला सगळं कंट्रोल होणार, ते रशियाने स्वतःच्या पैशातून द्यायचं होतं. ते १९९८ मध्ये जायला हवं होतं, गेलं १२ जुलै २०००. तोपर्यंत झार्या आणि अमेरिकेचं युनिटी दीड वर्षाहून जास्त वर रिकामी फिरत होती. झ्वेज्दा आलंच नाही तर काय, म्हणून अमेरिकेने पर्यायी कंट्रोल मॉड्यूल बनवायला घेतलं, त्याचा खर्च वेगळा, आणि ते कधी वापरलंच गेलं नाही. एका पार्टनरच्या तिजोरीतली चणचण सगळ्यांच्या कॅलेंडरवर येते ती अशी.

आणि उलटंही झालं. २००१ मध्ये अमेरिकेच्याच हिशेबात जवळपास ५ अब्ज डॉलरची तूट निघाली. मग काय कापलं? राहण्याचं हॅबिटेशन मॉड्यूल कापलं, सात जणांना घेऊन परत येऊ शकणारं बचाव यान कापलं. बचाव यान नाही म्हणजे वर एका सोयूझमध्ये मावतील तेवढेच, म्हणजे तीनच लोक. स्टेशन नुसतं चालू ठेवायलाच साधारण अडीच माणसांचा वेळ जायचा. उरलेल्या अर्ध्या माणसात संशोधन! युरोप आणि जपानने आपापल्या प्रयोगशाळा सात जणांचा क्रू धरून बनवल्या होत्या, त्यांचा या निर्णयात काही हात नव्हता, ते चिडले आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. कायमचे सहा जण वर राहायला लागले ते २००९ मध्ये. मला या सगळ्या इतिहासात जास्तीत जास्त वाईट कशाचं वाटत असेल तर याचं, की पैसे कमी पडले की सांगाडा वाचवला जातो, आणि ज्यासाठी तो सांगाडा उभा केला ती माणसं आणि ते संशोधन आधी कापलं जातं.

प्रश्न : हे देश एकमेकांना पैसे देतात की नाही? की फक्त सामान देतात?

शक्यतो पैसे द्यायचेच नाहीत असाच नियम आहे. वस्तूच्या बदल्यात वस्तू. रशियाचा भाग सोडून उरलेल्या स्टेशनचा सामाईक चालू खर्च चौघांत वाटलाय, नासा ७६.६ टक्के, जपान १२.८, युरोप ८.३, कॅनडा २.३, आणि साधारण त्याच प्रमाणात प्रयोगांचा वेळ आणि क्रूच्या जागा मिळतात. पण युरोप त्या ८.३ टक्क्यांचा चेक पाठवत नाही. त्याने २००८ पासून एटीव्ही नावाची पाच मालवाहू यानं पाठवली, त्यानंतर ओरायनचं सर्व्हिस मॉड्यूल बनवून देतोय. कॅनडाने रोबोटिक हात दिला, चंद्राजवळच्या गेटवे स्टेशनसाठीही हात द्यायचं कबूल केलं आणि त्या भागीदारीतून आर्टेमिस-२ या नासाच्या चांद्रमोहिमेच्या क्रूमध्ये त्यांच्या जेरेमी हॅन्सन यांना जागा मिळाली, ते नाव २०२३ मध्ये जाहीर झालं.

राजकारणाच्या दृष्टीने हे सोयीचं आहे, कारण आपल्या करदात्याचा पैसा आपल्याच कारखान्यात खर्च झाला असं प्रत्येक सरकार सांगू शकतं. धोका असा की समोरच्याने प्लॅन रद्द केला तर तुमच्या हातात वस्तू उरते, आणि ती विकत घेणारं कोणी नसतं. जपानचंच बघा. किबो प्रयोगशाळा शटलमधून नेण्याच्या बदल्यात जपान नासासाठी एक सेंट्रीफ्यूज मॉड्यूल बनवत होता, कमी-जास्त गुरुत्वाकर्षणात जीवांचं काय होतं ते बघायला. मंगळावर किंवा चंद्रावर माणूस राहू शकेल का, या प्रश्नाला थेट हात घालणारं उपकरण होतं ते. २००५ मध्ये नासाने खर्चामुळे ते रद्द केलं. बनत आलेलं मॉड्यूल त्सुकुबाच्या स्पेस सेंटरमध्ये उघड्यावर बघायला ठेवलंय. चंद्रावरच्या, म्हणजे पृथ्वीपेक्षा सहापट कमी, गुरुत्वाकर्षणात माणसाचं शरीर वर्षानुवर्षं कसं वागेल याची नीट माहिती आज आपल्याकडे नाही, याचं एक कारण त्सुकुबात उभं आहे.

प्रश्न : युरोप इतका श्रीमंत आहे तरी माणसं न्यायला स्वतःचं यान का नाही?

बनवणार होते. हर्मिस नावाचं छोटं अवकाश विमान, १९८७ मध्ये मंजूर झालं. वजन वाढत गेलं, खर्च वाढत गेला, क्षमता कमी होत गेली, तेवढ्यात जर्मनीचं एकीकरण झालं आणि जर्मनीचे पैसे तिकडे लागले, १९९२ च्या सुमाराला हर्मिस संपलं.

मूळ अडचण मात्र रचनेत आहे. युरोपीय स्पेस एजन्सीत विज्ञानाचा प्रोग्राम सगळ्या सदस्यांना सक्तीचा आहे, ज्याचं उत्पन्न जास्त त्याची वर्गणी जास्त. माणसांची उड्डाणं ऐच्छिक गटात येतात, म्हणजे साधारण दर तीन वर्षांनी मंत्री एकत्र बसतात तेव्हा प्रत्येक देश सांगतो, मी यात इतके घालतो, त्यात शून्य. शिवाय देशाने जितके घातले साधारण तितक्याचं काम त्याच्याच कंपन्यांना मिळावं असा नियम आहे, त्यामुळे काम कुठे चांगलं होतं याच्या आधी काम कुठे वाटायचं हे बघावं लागतं. एवढं असूनही गंमत बघा, नोव्हेंबर २०२५ ला ब्रेमेनमध्ये २२.१ अब्ज युरोची कबुली मिळाली, आजवरची सगळ्यात मोठी. पैसा येऊ शकतो. पण तीन वर्षांचा एकदम येतो ही मला त्यांची खरी ताकद वाटते, रकमेपेक्षा जास्त. अमेरिकेकडे हे नाहीये.

प्रश्न : सोव्हिएत युनियन तुटलं तेव्हा एक अंतराळवीर वरच अडकला होता हे खरं का?

सर्गेई क्रिकालेव्ह. मे १९९१ मध्ये सोव्हिएत नागरिक म्हणून मीरवर गेले, मार्च १९९२ मध्ये उतरले तेव्हा तो देशच उरला नव्हता. ३११ दिवस. "अडकले" हा शब्द थोडा जास्त होतो, परत यायचं यान तिथे लावलेलं होतं, पण ते निघाले असते तर मीर चालवायला त्यांच्या जागी माणूस नव्हता. बदली फ्लाइट पैशाच्या आणि राजकारणाच्या ओढाताणीत फिरवली गेली, बैकोनूर तळ अचानक कझाकस्तान नावाच्या वेगळ्या देशात गेला होता, त्यांचा माणूस उडवणं गरजेचं झालं, आणि क्रिकालेव्हना थांबायला सांगितलं. ते थांबले. नंतर हेच क्रिकालेव्ह २००० मध्ये आंतरराष्ट्रीय स्टेशनच्या पहिल्या क्रूमध्ये होते.

त्यानंतर रशियाचा प्रोग्राम टिकला तो बऱ्याच अंशी परदेशी पैशावर. शटल-मीर करारात अमेरिकेने ४० कोटी डॉलर दिले, २००१ मध्ये डेनिस टिटो साधारण २ कोटी देऊन पर्यटक म्हणून गेले, आणि नंतरच्या नऊ वर्षांचे सीटचे पैसे वर सांगितलेच. २०२० नंतर तो ओघ आटला. बुरान शटल तर आधीच गेलं होतं, १९८८ मध्ये माणसांशिवाय एकच उड्डाण झालं, १९९३ मध्ये प्रोग्राम बंद पडला, आणि २००२ मध्ये बैकोनूरच्या हँगरचं छत कोसळून ते यान नष्ट झालं, त्यात आठ कामगार गेले. देखभालीला पैसे नसणं म्हणजे काय हे त्या आठ घरांना विचारायला हवं.

प्रश्न : स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जगात इतके लोक उपाशी असताना माणसं वर पाठवायची चैन कशाला? रोबोट पाठवा, स्वस्तात काम होईल.

राग कसला, हा प्रश्न विचारायचाच असतो. यात दोन वेगळे प्रश्न आहेत.

रोबोटचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे, आणि मी स्वतः त्या बाजूने बोलेन. गुरूच्या चंद्रावर माणूस पाठवायचं कारण नाही. पण हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेला होता ते १९९३ मध्ये माणसांनी जाऊन दुरुस्त केलं, नंतर अजून चार वेळा शटलमधून माणसांनी जाऊन तिचे भाग बदलले. आणि अंतराळात माणसाच्या हाडांचं, डोळ्यांचं, स्नायूंचं काय होतं हे जाणून घ्यायला माणूसच लागतो, दुसरा मार्ग नाही.

चैनीच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन की रद्द केलेल्या प्रोग्रामचा पैसा आपोआप भुकेल्याकडे जात नाही. कोलायडर बंद झाला तेव्हा ती रक्कम विज्ञानाच्या दुसऱ्या शाखांकडेसुद्धा वळली नाही. गरिबीवर खर्च वाढायला हवा, त्यासाठी वेगळं भांडावं लागतं आणि ते भांडण मला पूर्ण मान्य आहे. पण स्टेशन पाडलं की ते भांडण जिंकलं असं होत नाही. खरी उधळपट्टी मला दिसते ती अर्धवट सोडण्यात. पूर्ण झालेल्या स्टेशनने निदान काम दिलं. फ्रीडमची फेकलेली डिझाइन्स, अपोलो १८, १९, २० रद्द झाल्यावर म्युझियममध्ये आडवी पडलेली सॅटर्न-५ रॉकेटं, यांचे पैसे लोकांनी भरलेच होते.

प्रश्न : आता खासगी कंपन्या आल्यात, रॉकेटं परत उतरतात, खर्च उतरलाय. सरकारी निधीची चिंता आता कशाला?

रॉकेटचा खर्च उतरलाय हे खरं आहे आणि फार मोठी गोष्ट आहे. २०१४ मध्ये नासाने दोन कंपन्यांना ठरलेल्या रकमेचे कॉन्ट्रॅक्ट दिले, बोइंगला ४.२ अब्ज, स्पेसएक्सला २.६ अब्ज. कमी पैसे घेणाऱ्याने आधी आणून दिलं. दोन कंपन्या घेतल्या हा निर्णय तेव्हा महाग वाटला होता, पण एकच घेतली असती आणि ती चुकीची निघाली असती तर?

पण बोइंगचं पुढे बघा. ठरलेल्या रकमेत काम बसलं नाही, वरचा तोटा कंपनीच्या माथी, तो २ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ मध्ये त्यांच्या स्टारलायनरमधून गेले आणि मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परत आले, ते सगळ्यांना माहितीये. आता कुठलीही कंपनी असं कॉन्ट्रॅक्ट सही करताना दहा वेळा विचार करेल. करायलाच हवा.

आणि गिऱ्हाईक कोण? हा प्रश्न टाळून चालणार नाही. खासगी स्टेशनं बनवायला २०२१ मध्ये नासाने तीन गटांना मिळून ४० कोटी डॉलरच्या वर रक्कम जाहीर केली, त्यातली नॉर्थ्रॉप ग्रमन २०२३ मध्ये स्वतःचं स्टेशन सोडून दुसऱ्या गटात सामील झाली. अ‍ॅक्सिऑम-४ ही खासगी मोहीम म्हणतो आपण, पण २०२५ च्या जूनमध्ये त्यातून गेलेले शुभांशु शुक्ला आणि पोलंड, हंगेरीचे अंतराळवीर, तिघांमागे आपापली सरकारं होती. १९९१ मध्ये हेलन शारमन यांची ब्रिटिश मोहीम पूर्णपणे प्रायोजकांच्या पैशावर व्हायची होती, प्रायोजक पुरेसे मिळालेच नाहीत आणि शेवटी सोव्हिएत बाजूनेच खर्च उचलला. तेव्हापासून चित्र बदललंय, पण अजून इतकं नाही की सरकारं बाजूला झाली तरी चालेल.

प्रश्न : चीनला असले प्रॉब्लेम नाहीत का?

त्यांचे हिशेब उघड नाहीत, त्यामुळे आकड्यांवर बोलता येत नाही. वेळापत्रकावर बोलता येतं. १९९२ मध्ये तीन टप्प्यांचा प्लॅन मंजूर झाला, २००३ मध्ये पहिला माणूस गेला, २०२२ मध्ये तिआनगाँग स्टेशनचं तिसरं मॉड्यूल जोडून झालं. तीस वर्षं एकच प्लॅन. बजेटवर दरवर्षी उघड भांडण होत नाही याचा हा फायदा, आणि लोकांना त्यांच्या पैशाचं काय झालं हे विचारता येत नाही ही त्याची किंमत, ती मला मान्य होणारी नाही. अमेरिकेच्या २०११ च्या कायद्यामुळे नासाला चीनसोबत परवानगीशिवाय काम करता येत नाही. युरोपचे काही अंतराळवीर चीनमध्ये ट्रेनिंगसुद्धा घेऊन आले होते, पण २०२३ मध्ये युरोपने सांगितलं की तिकडे जायला ना बजेट आहे ना राजकीय संमती.

प्रश्न : गगनयानचं बजेट दुप्पट झालं, म्हणजे आपलंही तसंच होतंय का?

नाही, हे वेगळं आहे. २०१८ मध्ये मंजुरी ९,०२३ कोटींची होती, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एकूण २०,१९३ कोटी झाली, पण कामही वाढलंय, जादा मोहिमा आहेत आणि भारतीय अंतरिक्ष स्थानकाचं पहिलं मॉड्यूलही त्यात आहे. २०२२ ची पहिली डेडलाइन गेली, ते खरं. मला त्याचा त्रास होत नाही. माणूस बसवायचा असेल तर चाचण्या पूर्ण होऊ द्याव्यात, तारखेसाठी घाई करू नये.

प्रश्न : २०३० नंतर स्टेशन पाडणार म्हणतात. पाडायलाही पैसे लागतात का? आणि पुढे बातम्यांत नेमकं काय बघत राहू?

लागतात, भरपूर. ४०० टनांच्या वर वजन आहे, आपोआप पडू दिलं तर कुठे पडेल सांगता येणार नाही, म्हणून मुद्दाम ढकलून समुद्रातल्या निर्जन भागात उतरवावं लागेल. त्यासाठीचं यान बनवायला जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला ८४ कोटी ३० लाख डॉलरपर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय. आणि स्टेशन चालवायलाच नासाला वर्षाला साधारण ३ अब्ज लागतात, म्हणून जुनं चालवत नवीन उभं करायला पैसे उरत नाहीत. मला काळजी आहे ती मधल्या रिकाम्या काळाची. २ नोव्हेंबर २००० पासून या स्टेशनवर एकही दिवस माणूस नव्हता असं झालेलं नाही. शटल बंद होऊन नवीन यान यायला नऊ वर्षं लागली, पण तेव्हा निदान सोयूझ होतं आणि जायला स्टेशन होतं.

काय बघायचं ते सांगते. राष्ट्राध्यक्षांनी मागितलेला आकडा आला की घाबरू नका आणि खूशही होऊ नका, तो फक्त मागणीचा कागद असतो. २०२५ मध्ये नासाला २४.८ वरून १८.८ अब्जावर आणायचा प्रस्ताव आला होता, त्यात गेटवे बंद आणि स्टेशनवरचा क्रू कमी करायचंही होतं. दोन महिन्यांत काँग्रेसने दुसऱ्याच एका कायद्यातून जवळपास १० अब्ज जादा घातले, त्यात गेटवेलाही २.६ अब्ज. एकाच वर्षात बंद करा आणि पैसे घ्या, दोन्ही. इंजिनिअरने सोमवारी कामावर येऊन करायचं काय? म्हणून आकड्याऐवजी दोन गोष्टी बघा. १ ऑक्टोबरला पूर्ण वर्षाचं बजेट पास झालेलं आहे का, आणि खासगी स्टेशनांच्या ओळीत किती रक्कम आहे. युरोपच्या मंत्र्यांची पुढची मोठी बैठक २०२८ मध्ये अपेक्षित आहे, तिथे ऐच्छिक गटात माणसांच्या उड्डाणांना कोण किती घालतं तेही नोंदवून ठेवा. रशियाने स्टेशनवर २०२८ पर्यंतच राहायचं कबूल केलंय, त्यात काही बदल झाला तर लगेच लिहा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.